पीजे (पाचोरा-जामनेर) : गाडी नक्की कशाने बंद पडली?

सिडकोचा_खान्देशी

मंडळी, आपल्या सिडको, अंबड, सातपूरला दर दोन घरं सोडून एक घर जळगाव-धुळ्याकडचं निघतं, म्हणून हा धागा नाशिकच्याच विभागात काढतोय, पीजेत बसलेले इथे बरेच सापडतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, जळगाव जिल्ह्यातली नॅरोगेज रेल्वे (दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, फक्त अडीच फूट), ५६ किलोमीटर. पाचोऱ्याहून निघाली की वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि मग जामनेर. १९१८-१९ च्या सुमाराची लाईन. मार्च २०२० ला देशातल्या सगळ्या गाड्या थांबल्या तेव्हा हीपण थांबली. बाकीच्या बऱ्याच एकेक करत परत आल्या, ही आलीच नाही. आता तिथे ब्रॉडगेज (मोठी, रुंद लाईन) मंजूर आहे, जामनेरच्या पुढे वाढवून बोदवडला भुसावळ-अकोला मेन लाईनला जोडायची, एकूण ८४ किमी.

धागा काढायचं कारण असं की आमच्या गावाकडच्या ग्रुपवर दर मार्चला तोच फोटो आणि तीच ओळ फिरते, 'कोरोनाने आपली पीजे नेली'. मला हे अजिबात पटत नाही. कोरोना निमित्त झाला, दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

लाईन मुळात टाकली कशासाठी? तुम्हाआम्हाला मामाच्या गावाला न्यायला नाही, कापसासाठी. सगळा पट्टा काळ्या मातीचा, जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) गाठी बांधायच्या, छोट्या गाडीने पाचोऱ्यापर्यंत आणायच्या आणि तिथून मेन लाईनने मुंबईला. आता गंमत बघा, छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही, म्हणजे पाचोऱ्याला प्रत्येक गाठ हमालांनी एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवायची. रस्ते नव्हते, बैलगाडीशिवाय पर्याय नव्हता, तोवर हे सगळं परवडत होतं. ट्रक आला आणि जिनिंगच्या दारातून भरलेला माल मधे कुठे न उतरता थेट पोचायला लागला, त्या दिवशी पीजेचं अर्धं काम संपलं. उरली माणसं. माणसांसाठी १९४८ नंतर हळूहळू एसटी आली, मग काळीपिवळी जीप आली, मग घरोघरी मोटारसायकल. गाडी मात्र ५६ किलोमीटरला दोन तासांच्या वरच घेत राहिली, आणि शेवटी शेवटी दिवसाला फेऱ्या किती तर दोन. दोन फेऱ्यांच्या भरवशावर कोण कॉलेज लावेल?

तुमच्या आठवणी पण लिहा, पण नुसत्या 'गेले ते दिवस' नकोत, त्याचा ग्रुपवर पूर आलाय.

शेंदुर्णीची_लेक

दादा, नुसत्या आठवणी नकोत म्हणालात तरी मी आठवणच लिहिणार, माहेरचा विषय आहे 😄

आम्ही नाशिकरोडहून निघायचो, पाचोरा म्हणजे जवळपास १८५ किमी. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव करत सगळ्या स्टेशनांवर थांबणारी पॅसेंजर, आईच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक मोठा तांब्या. आईचं सगळं लक्ष बाहेर नाही, घड्याळात, कारण आमची गाडी वेळेवर पोचली तरच पीजे मिळणार आणि ती चुकली की पुढची थेट संध्याकाळी. पाचोऱ्याला उतरलं की आई एका हाताने माझं मनगट, दुसऱ्या हाताने बोचकं आणि तोंडाने सतत 'चाल चाल चाल'. सामान घेऊन छोट्या गाडीच्या बाजूला गेलं की सगळंच एकदम बुटकं व्हायचं. डबा एवढा अरुंद की समोरच्या बाकावरच्या म्हातारीचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे, आणि दहा मिनिटांत ती म्हातारी विचारायची, 'कोनाची वं तू?' मग बाबांचं नाव, आजोबांचं नाव, मळा कोणत्या बाजूला, आत्या कुठे दिली, सगळं निघायचं आणि शेंदुर्णी येईपर्यंत ती आमची कोणीतरी लागायलाच लागायची.

कार्तिकात आमच्याकडे त्रिविक्रमाचा रथ असतो (शेंदुर्णीला प्रतिपंढरपूर म्हणतात, मूर्ती बघायला तरी जा एकदा), तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसायची. टपावर बसलेले पण बघितलेत.

ती चुकायची ना गाडी, ते मला अजून स्वप्नात येतं. आमची मेन लाईनची गाडी बाहेर सिग्नलला उभी आणि लांबून पीजेची शिट्टी. आई एक शब्द बोलायची नाही, खाली बसून दशम्यांचा डबा उघडायची.

गंगापूर_रोडकर

सगळं छान आहे, पण ताई, तुम्ही शेवटचं पीजेत कधी बसलात? राग मानू नका. लग्नानंतर बहुतेक एसटीने किंवा स्वतःच्या कारनेच गेला असाल. आपल्या लोकांची ही सवय आहे, गाडी चालू असताना बसायचं नाही आणि बंद पडली की फोटो टाकायचे. पाचोरा ते जामनेर रस्त्याने तास-सव्वातास लागतो. दोन तासांवर घेणारी, तोट्यातली, जिचे सुटे भाग मिळायची मारामार अशी गाडी सरकारने आपल्या करातून का चालवायची? म्युझियमला द्या एक डबा आणि विषय संपवा.

शेंदुर्णीची_लेक

राग नाही, पण मी बसले नाही म्हणून कोणीच बसत नव्हतं असं होत नाही ना. माझ्या काकूला एसटीत उलट्या होतात, ती शेवटपर्यंत पीजेनेच जायची पाचोऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तिच्याबरोबर डब्यात असायच्या त्या सगळ्या बायका, म्हातारी माणसं, मजुरीला जाणारे. तिकीट एसटीच्या मानाने काहीच नाही, आणि सामानाचं कोणी विचारत नाही. हे लोक ग्रुपवर फोटो टाकत नाहीत, त्यांच्याकडे ग्रुपच नाही.

भुसावळी_चहा

ताईंना +१००. 'कोनाची वं तू' वाचून आजी समोर आली.

रुळावरचा

थोडी तांत्रिक भर घालतो, कारण 'नॅरोगेज म्हणजे इंग्रजांनी खेळण्यातली गाडी दिली' असं लोकांना वाटतं, तसं नाहीये.

ब्रॉडगेज १६७६ मिमी, ही ७६२. अर्ध्याहून कमी. रूळ हलका चालतो, वळणं जास्त तीव्र घेता येतात त्यामुळे टेकाड फोडत बसायची गरज नाही, भराव कमी, पूल लहान, जमीन कमी. थोडक्यात जिथे मोठी लाईन कधीच परवडली नसती तिथेसुद्धा काहीतरी नेता आलं. या विचारामागचा सगळ्यात ठाम माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्याने १८९७ ला बार्शी लाईट रेल्वे सुरू करून दाखवली, तीपण अडीच फुटीच. आणि नाशिककरांनो, हाच कॅलथ्रॉप बार्शीच्या आधी आपल्या नाशिकच्या ट्रामचा सल्लागार इंजिनिअर होता! १८८९ ची ट्राम, मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, घोडे जोडलेली. तीही १९३१-३३ च्या दरम्यान तोट्यात जाऊन बंद झाली. आज शालिमार किंवा द्वारकाला ट्रॅफिकमध्ये अडकलात की आठवा.

(अवांतर : कॅलथ्रॉपने नंतर पॅराशूट बनवायचा नाद केला. बार्शीहून थेट आकाशात.)

पण मूळ मुद्दा, या स्वस्तपणाची किंमत पुढे मोजावी लागली. हलका रूळ म्हणजे हलकं इंजिन, कमी वेग, आणि मेन लाईनशी डब्यांची देवाणघेवाण शून्य. मेन लाईनला सिग्नल बदलले, डबे बदलले, वीज आली. पीजेला यातलं काहीच लागू पडत नव्हतं, ती आपली पाचोऱ्याच्या कडेला बेट होऊन बसली. १९९२ ला देशभर एकच गेज करायचं धोरण आलं तेव्हाच खरंतर तिचा निकाल लागला होता. त्यानंतर नॅरोगेजसाठी नवीन काही बनवण्यात कोणाला रस उरला नाही, आणि जे रुंद करायचं होतं त्यात पीजेचा नंबर लवकर लागला नाही. ना रुंद करायची ना नीट चालवायची. अशा लाईनींचं हेच होतं. विदर्भातली शकुंतला बघा, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, तीच तऱ्हा.

तेव्हा धागाकर्त्याशी सहमत, फक्त ट्रकइतकाच दोष या मधल्या लटकलेल्या वर्षांचा आहे.

मनमाड_जंक्शन

गेज बदलल्यावर काय होतं ते आमच्याकडे बघा ना, लांब कशाला जायचं. मनमाड-औरंगाबाद लाईन निजामाच्या वेळची, मीटरगेज (रुळांमधलं अंतर एक मीटर). मनमाडला दोन गेज एकत्र, म्हणजे माल इकडून उतरवायचा तिकडे चढवायचा, आमच्या गल्लीत अर्धी घरं त्या हमालीवर चालायची. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि ते काम संपलं. माझ्या चुलत आजोबांनी नंतर स्टेशनबाहेर पेरू विकले.

पण दुसरी बाजूपण सांगतो. आज तपोवन मनमाडहून सरळ नांदेडला जाते, देवगिरी जाते, मराठवाड्यातल्या माणसाला मुंबई गाठायला आमच्याकडे गाडी बदलत रात्र काढावी लागत नाही. त्यामुळे रुंदीकरणाला नावं ठेवणाऱ्यांचं मला कळत नाही. बोदवडपर्यंत जोडली तर मेन लाईनला दोन्ही टोकांनी रस्ता होतो, भुसावळला अडचण असली तर गाड्या तिकडून वळवता येतील, मालगाड्या जातील. जामनेरच्या पोराला बिना गाडी बदलता मुंबई मिळाली तर वाईट आहे का?

गंगापूर_रोडकर

हेच म्हणतोय मी. धन्यवाद.

सिडकोचा_खान्देशी

मनमाडवाले भाऊ, रुंदीकरणाला माझा विरोध नाहीच, आमच्याकडे तर लोक कधीपासून मागत होते. माझा प्रश्न वेगळा आहे. मोठी लाईन झाल्यावर तिच्यावरून गाडी जाईल हे नक्की, पण ती भागदऱ्याला थांबेल का? वरखेडीला थांबेल का? पीजेची सगळी किंमत थांबण्यात होती. वेगात ती एसटीला कधीच हरवू शकत नव्हती. ज्या गावाला बसचा फाटा दोन-तीन किलोमीटर लांब, तिथे गाडी गावाला लागून यायची. नवीन लाईनवर जर सगळ्या थेट जाणाऱ्या एक्स्प्रेस पळवल्या तर मधल्या गावांची जमीन लाईनला जाणार आणि वाट्याला काय, तर फाटक बंद असताना उभं राहणं.

निफाडकर

दादा हा प्रश्न तुम्ही जामनेरच्या आधी आम्हाला विचारा. आमच्याकडे गेज बदललं नाही, लाईन १८६१ पासूनची ब्रॉडगेज, डबल, वीज असलेली, काहीच कमी नाही. तरी काय झालं? मुंबई-भुसावळ पॅसेंजर लॉकडाउनला थांबली ती कायमची गेली. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, उगाव, समिट, नाशिकरोड ते मनमाडमधल्या या स्टेशनांचं सगळं गणित पॅसेंजरवर होतं. उगावच्या बाईने कोथिंबिरीच्या जुड्या, थोडी द्राक्षं, जे असेल ते पाटीत घालून नाशिकरोडला नेऊन विकायचं आणि दुपारच्या गाडीने परत. तिला वंदे भारत दाखवून काय उपयोग, ती आमच्या इथून वाऱ्यासारखी जाते आणि फलाटावरची धूळ उडवून देते.

आणि ज्या काही गाड्या परत आल्या त्या आल्या 'एक्स्प्रेस' होऊन. गाडी तीच, थांबे जवळपास तेच, तिकीट मात्र १० रुपयांच्या जागी कमीत कमी ३०. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते परत १० वर आणलं, म्हणजे चार वर्षं लोकांनी तिप्पट भरलं. तोवर ज्यांनी शेअर रिक्षा, पिकअप, उधारीची मोटारसायकल अशी सोय लावून घेतली ते परत कुठे येणार स्टेशनला? मग कोणीतरी म्हणणार, बघा, गर्दीच नाही.

रुळावरचा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. पीजेचंही तंतोतंत हेच. फेऱ्या कमी म्हणून माणसं कमी, माणसं कमी म्हणून फेऱ्या कमी. कुठून सुरुवात झाली हे मग कागदावर दिसतच नाही.

सापुतारा_रायडर

इथे कोणीच बिलिमोरा-वघईचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. नाशिकहून सापुतारा उतरून खाली गेलं की वघई, तिथून गुजरातच्या बिलिमोऱ्यापर्यंत ६३ किमी, तीपण अडीच फुटी, गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने १९१३ ला चालू केलेली, डांगच्या सागाचं लाकूड काढायला. म्हणजे पीजेला कापूस, हिला साग. लॉकडाउनला तीपण बंद. डिसेंबर २०२० ला ती कायमची बंद करायचा आदेशपण निघाला होता. तिथल्या लोकांनी आरडाओरडा केला, आदिवासी पट्टा आहे, आणि सप्टेंबर २०२१ ला गाडी परत सुरू झाली, वर टुरिस्टसाठी एक एसी डबा लावला. आमचा सात-आठ बाईकवाल्यांचा ग्रुप पावसाळ्यात बसून आला, खिडकीतून सगळं हिरवंगार, एक नंबर.

मग पीजेचं असं का नाही झालं? पहूरहून अजिंठा किती जवळ! पहूर-फर्दापूर सरळ रस्ता आहे. पाचोऱ्याला उतरवा, पीजेत बसवा, पहूरला उतरवून बसने लेण्यांना न्या. फॉरेनर्स वेडे झाले असते.

भुसावळी_चहा

मे महिन्यात ४५ डिग्रीत त्या डब्यात फॉरेनर खरंच वेडे झाले असते 😂

शेंदुर्णीची_लेक

😂😂 मे महिन्यात आम्ही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचो.

सिडकोचा_खान्देशी

सापुतारावाले, तुमची माहिती भारी आहे आणि तुलना करायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. दोन्ही सारख्याच रुंदीच्या, जवळपास सारख्याच लांबीच्या, सारख्याच वयाच्या, एकाच महिन्यात थांबलेल्या. एक परत आली, एक नाही. मला वाटतं फरक इथे आहे की पीजेच्या पुढ्यात ब्रॉडगेजचं गाजर होतं. वघईला गाडी बंद म्हणजे बंद, त्यामुळे लोक तिच्यासाठीच भांडले. आमच्याकडे 'जाऊ द्या हो ही, मोठी येतेय' असं म्हणायची सोय होती. मागणी झाली, निवेदनं दिली, पण निम्म्या लोकांचं मन आधीच नव्या लाईनमध्ये गुंतलेलं. नवीन येईपर्यंत जुनी चालू ठेवा, हे जोरात कोणी म्हटलंच नाही.

अजिंठ्याचं म्हणाल तर मी थोडा साशंक आहे. टुरिस्ट गाडी झाली असती तर तिची वेळ टुरिस्टच्या सोयीची झाली असती, बाजाराच्या नाही. ताईंच्या काकूला एसी डब्याचं तिकीट परवडलं नसतं.

गंगापूर_रोडकर

बरं, मी माझा मुद्दा थोडा बदलून मांडतो, माघार नाही. तोट्यातली गाडी चालवू नका हे माझं मत कायम आहे. पण निफाडकरांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं, मी आयुष्यात पंचवटी सोडून दुसऱ्या गाडीत बसलो नाही. लोकल गाडीला बसच्या हिशोबाने मोजायचं की रस्त्याच्या हिशोबाने, हा खरा वाद आहे. रस्ता तोट्यात आहे असं कोणी म्हणत नाही, हे मान्य.

मनमाड_जंक्शन

@सिडकोचा_खान्देशी, थांब्यांच्या काळजीबद्दल एक. आमच्या औरंगाबाद लाईनला अंकाई, नगरसूल ही छोटी स्टेशनं गेज बदलल्यावरपण राहिली, पॅसेंजर थांबते. नगरसूलला तर शिर्डीच्या लोकांमुळे लांबच्या गाड्यापण थांबायला लागल्या. म्हणजे थांबा मिळतो, पण मागावा लागतो, आणि लाईन आखली जात असतानाच मागावा लागतो. एकदा वेळापत्रक लागलं की मग नुसते अर्ज. जामनेर-पाचोऱ्याच्या मंडळींनी आत्ताच भागदरा, वरखेडीला फलाट किती लांबीचा धरलाय ते बघून घ्यावं. फलाट आखूड तर डेमू-मेमूच (कमी डब्यांच्या लोकल गाड्या) थांबणार, आणि फलाटच नसेल तर विषयच नाही.

रुळावरचा

आणि जुनीच आखणी ठेवतायत की वळणं सरळ करताना लाईन गावापासून लांब जातेय तेपण बघा. छोट्या गाडीची तीव्र वळणं ब्रॉडगेजला चालत नाहीत. स्टेशन त्याच नावाचं पण गावापासून दीड किलोमीटरवर, असं बऱ्याच ठिकाणी होऊन बसलंय.

सिडकोचा_खान्देशी

हे दोन्ही मुद्दे गावच्या ग्रुपवर टाकतो आजच. फोटोच्या खाली.

आडगाव_नाका

धागा वाचून त्रिविक्रमाच्या दर्शनाला जावंसं वाटतंय. नाशिकहून शेंदुर्णीला सध्या जायचं कसं? आईबाबा बरोबर आहेत, बाबांना जास्त चालवत नाही.

शेंदुर्णीची_लेक

नाशिकरोडहून पाचोऱ्याला थांबणारी कुठलीही गाडी धरा, सकाळचीच बघा. पाचोऱ्याहून शेंदुर्णीची एसटी मिळते, स्टेशनहून स्टँडला बाबांसाठी रिक्षा करा. कारने येत असाल तर चाळीसगाव-पाचोरा करून या. रथाच्या दिवसांत मुक्कामाची सोय आधी करून ठेवा, आणि मंदिरात गेलात की मूर्ती नीट जवळून बघा, पुजाऱ्यांना विचारलंत तर ते सगळं सांगतात. जेवणाचं काही नाही जमलं तर मला मेसेज करा, वहिनी गावातच असते.